पिशवीवरचा मी

माझा फोटो आजवर तीनच ठिकाणी लागलेला होता : नोकरीच्या ओळखपत्रावर, मतदार कार्डावर आणि लग्नाच्या अल्बमात. तिन्ही ठिकाणी मी फरारी आरोपीसारखा दिसतो. चौथी जागा मिळाली ती पाच किलो तांदळाच्या पिशवीवर. तिथं मात्र मी शेतकरी दिसतो. डोक्यावर इरलं, हातात रोपांची मूठ आणि चेहऱ्यावर भूमातेविषयी कृतज्ञता. वास्तविक ती कृतज्ञता नव्हे. पाय चिखलात रुतला होता आणि चप्पल वर येत नव्हती.

हा उद्योग माझ्या पुतण्याचा. आमचं मूळ घर मुरबाड तालुक्यात. मी नोकरीनिमित्त शहापूरला गेलो तो तिथलाच झालो. एकतीस वर्षं कचेरीत बसून लोकांना दाखले लिहून दिले. शेतीशी माझा संबंध एवढाच, की दिवाळीनंतर किन्हवली-सरळगाव मार्गे एस.टी.नं गावी जायचं आणि वहिनींनी बांधून दिलेला तांदूळ घेऊन यायचा. पुतण्या शिकला, कल्याणला नोकरी करून परत आला आणि म्हणाला, "काका, नुसता भात पिकवून भागत नाही. ब्रँड पिकवावा लागतो."

"मग तुझ्या आईचा फोटो लाव. राब भाजण्यापासून आवणी, कापणी सगळं तीच करते."

"आई कॅमेऱ्याकडं बघतच नाही. आणि फोटोत फार दमलेली दिसते. लोकांना समाधानी शेतकरी लागतो, काका."

तसलं समाधान आयुष्यभर पंख्याखाली बसलेल्या माणसाच्याच चेहऱ्यावर येत असावं. मी पाघळलो. खरं सांगायचं तर या वयात आपला चेहरा कुणाच्या तरी कामाला येतो, हे ऐकून बरं वाटलं.

इथं वडिलांची आठवण निघते. ते भात कांडून तांदूळ कल्याणला विकायला न्यायचे, मी लहानपणी बरोबर असायचो. बाजारात नाव वाडा कोलमचं. वाडा तालुका आमच्यापासून लांब, मध्ये अख्खं शहापूर. व्यापारी तांदूळ तळहातावर घेऊन विचारी, "वाड्याचाच ना?" त्या क्षणी वडील नेमके पान तोंडात घालत. मान अशी काही हलवत, की ती होकारार्थी की चुना लागल्यामुळं, हे ब्रह्मदेवालाही कळू नये. वडील जन्मात खोटं बोलले नाहीत. त्यांच्या तोंडात पान असायचं.

पुढं २०१४ साली पालघर जिल्हा झाला, वाडा तिकडं गेला. २०२१ साली वाडा कोलमला भौगोलिक मानांकन मिळालं. म्हणजे ते नाव आता त्या मातीचं, शेजारच्या तालुक्यानं उचलायचं नाही. न्याय झाला. आम्हा शहापूर-मुरबाडकरांना तर नाव दुसऱ्यानं नेण्याचा अनुभव उलट बाजूनं आहे. तानसा आणि भातसा ही धरणं शहापुरात, पाणी 'मुंबईचं', आणि उन्हाळ्यात टँकरची वाट बघायला पाड्यावरच्या बाया.

पुतण्या पक्का प्रामाणिक. पिशवीवर 'वाडा' हा शब्द त्यानं येऊ दिला नाही. "आजोबांसारखं पान खायचं नाही," म्हणाला. मला त्याचा अभिमान वाटला. मग त्यानं माझा फोटो लावला. माणसाच्या चेहऱ्याला भौगोलिक मानांकन नसतं.

ब्रँड म्हणजे मुळात गुरांना तापल्या लोखंडानं दिलेला डाग, असं इंग्रजीचे जाणकार सांगतात. आपल्याकडं डाग म्हणजे दागिनाही आणि कलंकही. भाषा किती शहाणी बघा! आमच्या म्हशाच्या यात्रेत, पौष पौर्णिमेनंतर, गुरांचा बाजार भरतो. तिथं बैल कितीही रंगवा, गोंडे बांधा, घेणारा शिंगांकडं ढुंकून बघत नाही. सरळ जबडा उघडून दात मोजतो. मोबाईलवर जबडा उघडायची सोय नाही. तिथं सगळा बाजार शिंगांच्या रंगावर चालतो.

फोटो वाईटच असतात, असंही नाही. आमच्याच तालुक्यातल्या फांगण्याला ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. गुलाबी लुगड्यातल्या त्या आज्यांचे फोटो जगभर गेले. पण फोटोमागं पाटी होती आणि पाटीवर आजीनं स्वतः गिरवलेलं अक्षर होतं. गंमत अशी, की या वयात तिथल्या बायका अंगठा सोडून सही करायला लागल्या, आणि आम्ही शिकलेसवरलेले दिवसभर मोबाईलवर एकमेकांना अंगठे देत बसलो. माझ्या फोटोला पहिल्याच आठवड्यात चारशे अंगठे आले. मी रोज मोजत होतो. नाही कशाला म्हणू?

आणि पिशव्या खपल्या. सोसायटीचं पीककर्ज यंदा पहिल्यांदा मुदतीत फिटलं. वहिनींचे गुडघे ठाण्याच्या डॉक्टरला दाखवून झाले. त्यामुळं ही पिशवी खोटी म्हणून फाडून टाकावी, तर फाटतात ते वहिनींचे गुडघे. चालू द्यावी, तर ज्या गुडघ्यांनी भात लावला ते पिशवीवर कुठंच नाहीत. दाखला लिहिताना मी अर्जदाराला दहादा विचारायचो, "माहिती खरी आहे ना? खाली सही तुमची आहे." इथं सही माझी होती.

गेल्या महिन्यात गावी ओटीवर बसलो होतो. वहिनी सुपात तांदूळ पाखडत होत्या. पुतण्याचा फोन वाजला, तो गोठ्यात होता म्हणून मी उचलला. डोंबिवलीच्या एक बाई.

"पिशवीवरचे आजोबा तुम्हीच का? अय्या! माझा नातू भात खातच नव्हता. त्याला तुमचा फोटो दाखवते, म्हणते, या आजोबांनी वाकून वाकून लावलाय तुझ्यासाठी. आता ताट चाटूनपुसून संपवतो. स्वतःच लावता ना हो सगळं? या वयात?"

सुपाचा आवाज थांबला.

मी डावीकडं बघितलं, उजवीकडं बघितलं. घरात पान नव्हतं. वडिलांच्या मागं ती चंची कुणी उघडलेली नाही.

"हॅलो? हॅलो?" मी मोठ्यानं म्हणालो. "आवाज येत नाही हो. आमच्या मुरबाडकडं रेंजच नसते."

वहिनींनी सूप खाली ठेवलं, उठून माझ्या हातातल्या मोबाईलमध्ये डोकावल्या आणि म्हणाल्या, "भाऊजी, टॉवर तर फुल्ल दाखवतोय."