शिवणीतले सत्य



शरणांनी कायकाला कैलासाची योग्यता दिली, हे आपण प्रवचनांतून वारंवार ऐकतो. पण कायक म्हणजे नुसते हात चालविणे काय? हात कुशल असतील आणि जिव्हा असत्य बोलत असेल, तर त्या श्रमाला कायक म्हणावे की केवळ धंदा? या प्रश्नाचा आज विचार करू.

१२व्या शतकातील शरणांमध्ये सूजी कायकद रामितंदे हे एक शरण होत. सूजी म्हणजे सुई. शिवणकाम हे त्यांचे कायक, आणि तेच त्यांच्या नावात गुंफले गेले. जेडर दासिमय्या विणकर, मडिवाळ माचय्या परीट. वस्त्र विणणारा, शिवणारा आणि धुणारा, तिघांनाही शरणांच्या पंक्तीत समान आसन आहे. म्हणून शिंप्याच्या दुकानातील गोष्ट मठाच्या मासिकात कशाला, असे कोणी म्हणू नये.

बेळगाव भागातील एका भगिनीने मठात येऊन सांगितलेली हकीकत अशी. लेकीच्या लग्नासाठी तिने इरकल साडी घेतली आणि चोळीसाठी गुळेदगुडचा खण. खण एका दुकानात शिवावयास टाकला. लग्नाच्या आठ दिवस आधीची तारीख पावतीवर पडली. ती तारीख टळली. मग ‘उद्या नक्की’, ‘हुक तेवढे लावायचे राहिलेत’, असे ऐकत चार हेलपाटे झाले. वास्तविक तोपर्यंत खणाला कात्रीही लागली नव्हती. लग्नाच्या आदल्या सायंकाळी चोळी मिळाली ती दंडात आणि छातीत घट्ट. उसवून सैल करावी, तर शिवणीत कापडच सोडलेले नव्हते. दुकानदार आधी म्हणाला, कारागिराने घोटाळा केला; मग म्हणाला, मुलगीच अंगाने भरली. शिलाई मात्र पुरी घेतली. लेक जुन्या चोळीवर बोहल्यावर उभी राहिली. भगिनीने दुकानदाराला आणि मशीनवर मान खाली घालून बसलेल्या कारागीर पोराला नाही नाही ते सुनावले. तिने विचारले, “स्वामीजी, मी रागावले ते चुकले काय?”

महात्मा बसवेश्वरांनी एका वचनात सात गोष्टींचा निषेध केला आहे. चोरी व हत्या यांच्याच पंक्तीत त्यांनी असत्य, क्रोध आणि परनिंदा यांना बसविले. यांचा त्याग हीच अंतर्बाह्य शुद्धी, असे ते सांगतात. या कसोटीवर ही घटना घासून पाहा.

माप चुकणे हा प्रमाद आहे, पाप नव्हे. कात्री कोणाचीही चुकते. परंतु कापड न कापताच हुक राहिले म्हणणे हे जाणूनबुजून केलेले असत्य. त्यात चोरीही आहे, कारण लग्नघरातील बाईचे चार दिवस त्याने लुबाडले. पहिल्याच दिवशी तो ‘काम फार आहे, जमणार नाही’ म्हणाला असता, तर एक गिऱ्हाईक गेले असते. सत्य राहिले असते. शब्द पाळता येणार नाही हे ठाऊक असताना काम स्वीकारणे हा लोभ. पदरी अधिक तांदूळ आणणाऱ्या आयदक्की मारय्यांना त्यांच्या पत्नी लक्कम्मा यांनी ते परत टाकून येण्यास सांगितले, ही कथा आपणास परिचित आहे. पेलेल त्याहून अधिक काम घेणाऱ्यालाही तोच उपदेश लागू आहे.

आता त्या भगिनीविषयी. अन्याय मुकाट्याने गिळणे म्हणजे क्षमा नव्हे. असत्याला असत्य म्हणणे, कापडाची भरपाई मागणे, शेजारणीने विचारल्यास घडले तसे सांगणे, यात निंदा नाही. निंदा सुरू होते ती घडले त्याहून एक शब्द अधिक बोलण्यापासून. आणि कारागिरावर आग पाखडणे हे तर चुकलेच. तारीख त्याने दिली नव्हती, पैसेही त्याने घेतले नव्हते. त्याला नगावर मजुरी मिळते. मालकाने भरपाई त्याच्या मजुरीतून कापली, तर एका अन्यायातून दुसरा जन्मेल. म्हणून भरपाई मागावी ती मालकाकडे, आणि शांत शब्दांत.

आम्ही तिला एवढेच सांगितले, की मालकाकडे हक्काने जा, आणि त्या पोराशी दोन गोड शब्द बोलून ये.

वाचकहो, तुमच्यापैकी कोणी शिवणकाम करीत असेल, कोणी दुकान चालवीत असेल, कोणी कचेरीत अर्ज घेत असेल. ‘उद्या या’ हे दोन शब्द उच्चारण्यापूर्वी गळ्यातील इष्टलिंगाचे स्मरण करा. ज्या हाताने लिंगपूजा करता, त्याच हाताने पावतीवर तारीख घालता. आणि गिऱ्हाईक म्हणून जाल तेव्हा कामाला पुरेसा अवधी द्या, योग्य मजुरी द्या, घासाघीस करू नका. सत्याची शिवण दोन्ही बाजूंनी घालावी लागते.

शरणु शरणार्थी.