शंभरातला एक

दहावीचा निकाल लागला की लातूर-नांदेडच्या चौकाचौकांत फ्लेक्स उभे राहतात. हसऱ्या चेहऱ्यांच्या रांगा, प्रत्येकाखाली टक्के आणि सगळ्यात वर ठळक अक्षरांत ‘शंभर टक्के निकाल’. लातूर विभागीय मंडळात लातूर, नांदेड आणि धाराशिव हे तीन जिल्हे येतात. ‘लातूर पॅटर्न’ याच भागात घडला आणि त्याने कोरडवाहू शेतकऱ्यांच्या कितीतरी मुलामुलींना डॉक्टर-इंजिनिअर केलं. त्या मेहनतीबद्दल मनात आदर आहे.

पण त्या शंभराच्या आकड्याला एक दुसरी बाजूही आहे. नववीत कच्च्या राहिलेल्या मुलाच्या पालकांना शाळेत बोलावलं जातं. ‘याला दहावी झेपायची नाही, दाखला काढून घ्या आणि सतरा नंबरचा फॉर्म भरा,’ असं समजुतीच्या सुरात सांगितलं जातं. मूल बाहेरून परीक्षेला बसतं. पटावर नाव नसल्यामुळे त्याच्या नापास होण्याचा शाळेला डाग लागत नाही. सगळ्याच शाळा असं करत नाहीत. पण असं घडतं, हे शिक्षकांना आणि पालकांना चांगलं ठाऊक आहे.

आज या प्रश्नाकडे नांदेड आणि लातूर या दोन जिल्ह्यांतल्या कॅथलिक शाळांच्या निमित्ताने पाहावंसं वाटतं, कारण शंभरातल्या एकाची गोष्ट त्यांच्या धर्मग्रंथाच्या अगदी मध्यभागी आहे. लूककृत शुभवर्तमानाच्या पंधराव्या अध्यायात येशू एका मेंढपाळाचा दाखला देतो. शंभर मेंढरांतलं एक हरवतं, तर मेंढपाळ नव्याण्णव मेंढरं रानात सोडून त्या एकाच्या शोधात निघतो. सापडल्यावर त्याला खांद्यावर घेऊन घरी येतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांना आनंदाने बोलावतो. हा मेंढपाळ निकालाची टक्केवारी काढायला बसला असता, तर नव्याण्णव टक्क्यांवर समाधान मानून घरी परतला असता. किंवा हरवलेल्याचं नाव खोडून शंभर टक्के मिळवले असते.

नांदेड आणि लातूर हे जिल्हे १९७७ मध्ये स्थापन झालेल्या औरंगाबाद धर्मप्रांतात येतात. इथे कॅथलिकांची संख्या फार थोडी. सबंध महाराष्ट्रातच सगळ्या पंथांचे ख्रिस्ती मिळून २०११ च्या जनगणनेत एक टक्काही भरले नाहीत. त्यामुळे इथल्या कॉन्व्हेंटमध्ये सकाळच्या प्रार्थनेची रांग पाहिली, तर तिच्यात सगळा मराठवाडा दिसतो. पटका बांधलेला शीख मुलगा, गळ्यात इष्टलिंग असलेला लिंगायत मुलगा, रमजानचे रोजे धरणारी मुलगी, जयंतीच्या मिरवणुकीत लेझीम खेळणारा बौद्ध मुलगा, वारकऱ्याच्या घरची लेक. एखादंच मूल छातीवर क्रूसाची खूण करतं, बाकीची हात जोडून उभी राहतात. शिकवणारे बहुतेक सर आणि मॅडमही ख्रिस्ती नसतात. फादर-सिस्टर मोजकेच, आणि शाळेचा गाडा ओढणाऱ्या मावशी आणि शिपाईमामा गावातलेच.

मग अशा शाळेचं कॅथलिकपण असतं कुठे? भिंतीवरच्या क्रूसात, मरीयामातेच्या पुतळ्यात, की शाळेला दिलेल्या संताच्या नावात? या प्रश्नाचं उत्तर चर्चने स्वतःच लिहून ठेवलं आहे. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने २८ ऑक्टोबर १९६५ रोजी ख्रिस्ती शिक्षणाविषयीचा जाहीरनामा काढला. कॅथलिक शिक्षणाने कोणाकडे विशेष लक्ष द्यावं, ते त्यात सांगितलं आहे. ऐहिक संपत्तीने गरीब असलेले, कुटुंबाच्या आधाराला आणि मायेला पारखे झालेले, आणि ख्रिस्ती श्रद्धेच्या बाहेरचे. या तीन प्रकारांत गुणवत्ता यादीतल्या मुलांचा उल्लेखही नाही. कॅथलिक शाळेला स्वतःची परीक्षा घ्यायची असेल, तर हेच तीन पेपर आहेत.

पहिला पेपर गरिबाचा. तो कार्यालयाच्या खिडकीशी होतो. खेड्यावरून आलेला बाप रांगेत उभा असतो. पिशवीत मागच्या वर्षीची पावती आणि मोंढ्यातली हिशेबपट्टी. खिडकीशी पोचल्यावर तो आवाज खाली करून म्हणतो, ‘सिस्टर, सोयाबीन निघालं की भरतो.’ मागच्या रांगेतल्यांनी ऐकू नये, एवढीच त्याची इच्छा असते. शाळा चालवायला पैसा लागतो, शिक्षकांचे पगार वेळेवर व्हायला लागतात, हे खरंच. पण फीची गोष्ट बापाशी करायची की वर्गात मुलाला उभं करून, हे ठरवायला पैसा लागत नाही. ज्या शाळेत थकलेल्या फीसाठी मुलाला सगळ्यांसमोर उभं केलं जातं किंवा त्याचं प्रगतिपुस्तक अडवून ठेवलं जातं, तिथे सकाळी झालेली प्रार्थना दुपारपर्यंत पुसली गेलेली असते.

इथे कायद्याचीही एक बाजू आहे. शिक्षणहक्क कायद्याने खासगी विनाअनुदानित शाळांना २५ टक्के जागा दुर्बल आणि वंचित घटकांतल्या मुलांसाठी ठेवायला सांगितल्या. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१४ च्या निकालाने अल्पसंख्याकांच्या सगळ्याच शाळा या कायद्यातून बाहेर पडल्या. सप्टेंबर २०२५ मध्ये न्यायालयाच्याच दुसऱ्या पीठाने त्या निकालाबद्दल शंका व्यक्त करून प्रश्न मोठ्या पीठाकडे नेण्याची वाट मोकळी केली. न्यायालयाचं जे व्हायचं ते होईल. पण कायद्याने दिलेली सूट शुभवर्तमानाने दिलेली नाही. राज्यघटनेच्या तिसाव्या कलमाने अल्पसंख्याकांना आपल्या शाळा आपल्या पद्धतीने चालवण्याचा हक्क दिला. ती पद्धत येशूची असेल, तर तिथे गरिबाचा वाटा पंचवीस टक्क्यांहून जास्तच निघायला हवा, तोही कोणी सक्ती न करता.

याच पेपरात एक अवघड उपप्रश्न आहे. मराठवाड्यातल्या खेड्यापाड्यांतल्या बहुतेक कॅथलिक कुटुंबांची मुळं दलित वस्त्यांत आहेत. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे ख्रिस्ती झालेल्या दलितांना अनुसूचित जातींच्या सवलती मिळत नाहीत. शीख दलितांना त्या १९५६ मध्ये मिळाल्या, बौद्धांना १९९० मध्ये. म्हणजे एकाच गल्लीत राहणाऱ्या, सारख्याच गरिबीच्या तीन मुलांपैकी ख्रिस्ती मूल त्या दारातून आत जाऊ शकत नाही. निदान चर्चच्या शाळेचं दार तरी त्याच्यासाठी उघडं असावं. शहरातल्या डॉक्टर-वकिलांची मुलं कॉन्व्हेंटमध्ये आणि रविवारी मिस्सेला येणाऱ्या मजुराचं पोर दुसरीकडे कुठेतरी, असं जिथे असेल तिथे संस्थेने थांबून विचार करावा.

दुसरा पेपर मायेला पारख्या झालेल्या मुलांचा. या भागाला हे दुःख नवीन नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारी-सास्तूरची जमीन हादरली आणि आठ हजारांच्या आसपास माणसं गेली. आदल्या रात्री गणपती विसर्जन करून झोपलेली गावं सकाळी ढिगाऱ्याखाली होती. तेव्हा भारतीय जैन संघटनेने सुमारे बाराशे मुलांना पुण्याला नेऊन शिकवलं, वाढवलं. चांगुलपणा एकाच धर्माच्या घरी मुक्कामाला नसतो, हे त्या दिवसांनी मराठवाड्याला दाखवलं. आजचं अनाथपण तसं दिसत नाही. आई-बाप ऊसतोडीला गेल्यामुळे आजीजवळ राहिलेलं मुखेड-कंधारकडचं पोर, कर्जापायी बाप गमावलेली मुलगी, आठवीपासूनच फाउंडेशन बॅचसाठी खोली करून राहिलेला तेरा वर्षांचा मुलगा. ही मुलं वर्गात मागे पडतात ते बुद्धीने नव्हे. घरी ‘आज काय शिकवलं’ असं विचारणारं कोणी नसतं. सतरा नंबरचा फॉर्म सगळ्यात आधी यांच्याच हातात पडतो. मुलगी असेल, तर शाळा सुटली की वर्षा-दोन वर्षांत लग्न ठरण्याची भीती असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. शेजारच्या बीड आणि परभणीत हे प्रमाण चाळीस टक्क्यांच्या वर होतं. नववीतल्या मुलीला शाळेबाहेर काढणं म्हणजे काय, ते या आकड्यांत लिहिलेलं आहे.

तिसरा पेपर परक्या श्रद्धेच्या मुलांचा. इथे एक योग लक्षात ठेवण्यासारखा आहे. शिक्षणाचा जाहीरनामा ज्या दिवशी निघाला, त्याच दिवशी परिषदेने इतर धर्मांविषयीचंही घोषणापत्र काढलं. इतर धर्मांत जे सत्य आणि पवित्र आहे, त्यातलं काहीही चर्च नाकारत नाही, असं त्यात स्पष्ट म्हटलं. भारतातल्या कॅथलिक बिशपांच्या परिषदेने एप्रिल २०२४ मध्ये आपल्या शाळांना दिलेल्या सूचनाही याच वाटेने जातात. रोज सकाळी राज्यघटनेच्या उद्देशिकेचं वाचन करावं, इतर धर्मांच्या मुलांवर ख्रिस्ती परंपरा लादू नयेत, सर्व धर्मांसाठी प्रार्थनेची जागा असावी. घटनेच्या अठ्ठाविसाव्या कलमाचंही म्हणणं हेच आहे की पालकांच्या संमतीशिवाय मुलाला धार्मिक शिक्षणात किंवा उपासनेत ओढू नये.

नांदेडला हे परकं वाटायचं कारण नाही. सचखंड हुजूर साहिबच्या लंगरमध्ये जेवायला बसणाऱ्याला कोणी धर्म विचारत नाही. नाताळच्या आधी शाळेत गव्हाणी उभारली जाते, तेव्हा शेतकऱ्याची पोरं घरून कडबा घेऊन येतात. गव्हाण म्हणजे काय, ते त्यांना समजावून सांगावं लागत नाही. त्यांनी ती रोज झाडलेली असते. गोठ्यात जन्मलेल्या बाळाची गोष्ट त्यांना धर्म न बदलता कळते. त्याच सहजपणे शाळेने त्यांचा पोळा, त्यांचा रोजा, त्यांची चौदा एप्रिल समजून घेतली, आणि मधल्या सुट्टीत मराठी बोलणाऱ्या मुलाला दंड केला नाही, तर तिसरा पेपर चांगला गेला म्हणावं. फादर फ्रान्सिस दिब्रिटो धाराशिवच्या २०२० च्या साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले, तेव्हा विरोधाचे सूर उठले होते, तरी संमेलन झालं. बायबल सुबोध मराठीत आणणाऱ्या त्या धर्मगुरूंनी आयुष्यभर या भाषेवर माया केली. त्या मायेची मराठवाड्याने बूज राखली.

यावर मुख्याध्यापक म्हणतील, ‘सांगायला सोपं आहे. आमच्या निकालावर प्रवेश अवलंबून, प्रवेशावर पगार. एका कच्च्या मुलासाठी बाकीच्यांचं नुकसान कसं करायचं?’ हा प्रश्न प्रामाणिक आहे. मेंढपाळानेही नव्याण्णव मेंढरं उघड्या रानातच सोडली होती. म्हणजे धोका त्यालाही होता. तरी तो गेला. त्या जाण्याने नव्याण्णवांना काय मिळालं, याचा आपण फारसा विचार करत नाही. उद्या आपण हरवलो तर आपल्यालाही शोधायला कोणी येईल, हे त्या प्रत्येकाला कळलं. ज्या शाळेत शेवटच्या बाकावरच्या मुलाला दाखला देऊन वाट दाखवली जाते, तिथे पहिल्या बाकावरचं मूलही एक धडा शिकतं. आपण इथे आहोत ते आपल्या मार्कांमुळे, मार्क घसरले की आपलीही जागा गेली. आज लातूरच्या हुशार मुलांच्या डोळ्यांत जी भीती दिसते, ती इथून येते. शेवटच्या मुलाला धरून ठेवणं ही पहिल्या मुलाचीही गरज आहे.

यासाठी फार मोठी योजना लागत नाही. शाळा सुटल्यावर अर्धा तास थांबणारे दोन शिक्षक, वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्यांना शिकवण्याची सवय, महिनाभर गैरहजर असलेल्या मुलाच्या घरी कोणीतरी जाऊन येणं. इटलीतल्या तुरीन शहरात गरीब, भटक्या मुलांसाठी आयुष्य वेचणाऱ्या डॉन बॉस्को यांची सगळी शिक्षणपद्धती याच विश्वासावर उभी होती. शिक्षेच्या धाकापेक्षा शिक्षकाचं मुलांमध्ये असणं त्यांनी महत्त्वाचं मानलं.

पालकांचीही जबाबदारी आहे. येत्या जूनमध्ये शाळेत प्रवेश घ्यायला जाल, तेव्हा फ्लेक्सवरचे टक्के जरूर पाहा. पण मुख्याध्यापकांना एवढंच विचारा, ‘मागच्या वर्षी नववीत किती मुलं होती आणि त्यातली किती तुमच्याच शाळेतून दहावीला बसली?’ हा प्रश्न कॉन्व्हेंटला विचारा, जिल्हा परिषदेच्या शाळेला विचारा, नावाजलेल्या संस्थेलाही विचारा. मात्र ज्यांच्या भिंतीवर मेंढरू खांद्यावर घेतलेल्या मेंढपाळाचं चित्र आहे, त्यांनी कोणी विचारण्याची वाट पाहू नये. ते दोन आकडे त्यांनी आपणहून, निकालाच्या फलकावर सगळ्यात वर लिहावेत.