न येणाऱ्यांची श्रद्धा

रविवारी चर्चला नेमाने येणारा तो श्रद्धावान आणि न येणारा तो ढिला, असा हिशेब आपण फार लवकर मांडतो. ब्रिटनमधील धर्मगुरू आणि मानसशास्त्राचे अभ्यासक लेस्ली फ्रान्सिस यांनी सहकाऱ्यांसह अँग्लिकन उपासनेला येणाऱ्या तीन हजारांहून अधिक लोकांचे स्वभाव तपासले. आधार होता कार्ल युंग यांच्या १९२१ च्या मांडणीचा. शिस्तीची आवड असलेली, प्रत्यक्षाला धरून चालणारी, मनाचा कौल मानणारी माणसे बाकांवर बहुसंख्य निघाली. कल्पनेत रमणारी आणि तर्काने तोलणारी कमी. स्वभावांची ही विभागणी अनेक मानसशास्त्रज्ञांना ढोबळ वाटते, आणि ती आहेच. तरी उपासनेची रीत काहींना सहज आत घेते आणि काहींना दाराशीच अवघडून टाकते, हे मला पटते.

उपासनेत एकमेकांना शांती चिंतण्याची, म्हणजे शांतिचिन्हाची वेळ पाहा. माणसे बाक सोडून हस्तांदोलन करतात, विचारपूस होते. बोलक्या माणसाला इथेच मंडळी भेटल्यासारखी वाटते. टोकाला बसलेला अबोल माणूस मात्र प्रार्थनापुस्तकातून मान वर काढत नाही, आणि नंतरच्या चहा-कॉफीला न थांबता निघतो. त्याच्यासाठी इंग्लंडमध्ये अनेक ठिकाणी सकाळी आठची उपासना असते. ती १६६२ च्या प्रार्थनापुस्तकाप्रमाणे होते आणि बहुधा तिच्यात गाणीही नसतात. अनेक क्वेकर मंडळी तर सतराव्या शतकापासून मौनातच उपासना करत आली आहेत. भारतातील कॅथलिक चर्चला १९६९ साली शांतिचिन्ह म्हणून हात जोडण्याची मुभा मिळाली; लाजाळू माणसाची त्यात मोठीच सोय झाली. रेव्हरंड ना. वा. टिळकांनी भजन-कीर्तनाची वाट मोकळी केली, तीही कितीतरी मराठी मनांना जवळची वाटली.

चिकित्सक माणसाची सोय मात्र अजून कुठेच नीटशी नाही. प्रवचन ऐकताना त्याच्या मनात शंका उठते, ती विचारायला जागा नसते, आणि विचारलीच तर त्याच्या विश्वासावर बोट ठेवले जाते. हा अन्याय आहे. प्रश्न विचारणारा थोमा येशूच्या बारा शिष्यांतच होता.

पाळकांना आणि मंडळींना म्हणून एक विनंती. येणे थांबवलेल्या एखाद्याच्या घरी या आठवड्यात जा. ‘का येत नाहीस?’ असे विचारू नका. त्याला प्रार्थना कशी करावीशी वाटते, ते विचारा आणि पूर्ण ऐकून घ्या.