पहिलं पाणी

कोयनाकाठच्या एका गावात वैशाख निम्मा सरला की वाकळ शिवणारी म्हातारी यायची. कनवटीला मोठ्या नेढ्याच्या चार सुया आणि दातांना मिश्री, एवढ्यावर ती घराबाहेर पडायची. बोलावणं असेल त्या घरच्या ओसरीवर बसायची, आठवड्याभरात वाकळ उरकायची, दोन वेळची भाकरी आणि वर दोन पायल्या जोंधळे घेऊन पुढचं घर गाठायची. मृगाच्या आधी तीन-चार घरं झाली तर झाली.

एका साली तिला गावातल्या एका कारभारणीनं बोलावलं. पोराचं लग्न माघात झालेलं. पोरगा मुंबईला गिरणीत. 1982 चा संप अजून लांब होता, आणि गिरणीतला जावई मिळाला म्हणजे पोरीचा बाप निवांत झोपत असे. लग्नाची सुट्टी संपली तसा पोरगा गाडीत बसला आणि सून सासूपाशी राहिली.

कारभारणीनं ओसरीवर बोचकं सोडलं. तिची स्वतःची दोन जुनी लुगडी, मालकांची विरलेली धोतरं, झंपरांचे तुकडे, एका परकराचा घेर. आणि सगळ्यात वर लालभडक कापडाचा चांगला दोन हातांचा तुकडा. पोरानं गिरणीच्या दुकानातून आणलेला, अजून खळीनं कडक. हातात घेतला की कागदासारखा वाजायचा.

म्हातारीची कापड निवडायची रीत वेगळी होती. रंग ती शेवटी बघायची. आधी डोळे मिटून प्रत्येक तुकडा अंगठा आणि दोन बोटांत चोळायची आणि जितका झिजलेला असेल त्याप्रमाणे त्याचे ढीग घालायची. शेजारी-शेजारी बसणारी कापडं सारख्या वयाची हवीत, हा तिचा पहिला नियम. दुसरा नियम माणसाच्या अंगाचा. वाकळ आधी फाटते ती पायाशी, कारण झोपेत माणूस टाचा घासतो. म्हणून दणकट तुकडे पायथ्याला आणि मऊ ते उशाला, गालाला लागतील असे. नऊ वाराचं लुगडं चार पदरी घातलं की पावणेसात फूट लांबीचे चार थर होतात, माणूस पाय ताणून निजेल एवढे. त्या थरांवर हे तुकडे मांडायचे, चार कोपऱ्यांवर दगड ठेवायचे आणि काठापासून आत धावदोरा घालत मधोमध यायचं.

नक्षी नक्षी म्हणून आपण जे कौतुक करतो ते बहुतेक असं ठरलेलं असतं. हौस नसते असं नाही. तिकडे कर्नाटकात, हल्याळ-यल्लापूरच्या सिद्दी बायका कवंदी, म्हणजे त्यांची वाकळ, शिवतात तेव्हा कोपऱ्यांत घडी घातलेल्या तिकोनी चिंध्या बसवतात. त्यांना त्या फुलं म्हणतात, आणि फुलांशिवाय त्यांची कवंदी पुरी होत नाही. पण फुलंही कोपऱ्यात बसतात, पाठीखाली टोचत नाहीत.

कारभारणीला मात्र तो लाल चौक बरोब्बर मध्ये हवा होता. येणाऱ्या-जाणाऱ्याला दिसला पाहिजे, पोराच्या गिरणीचं कापड.

म्हातारी म्हणाली, "बसवू की. पर आधी ह्याला पाण्यात घाल. दोन-तीनदा भिजवायचं, सावलीत वाळवायचं. खळ जाऊ दे, रंग काय सोडायचा तो सोडू दे. पाच-सा दिस लागतील."

"पाच-सा दिस? मिरग तोंडावर आलाय मावशे. तू शीव."

म्हातारीनं एकदा सांगून पाहिलं. पोटासाठी फिरणाऱ्या बाईनं घरधनिणीला दोनदा शिकवू नये, हे तिला ठाऊक होतं. तिनं लाल चौक मधे ठेवला आणि शिवला. वाकळ देखणी झाली. आळीतल्या बायका बघून गेल्या.

पावसाळाभर वाकळीला ऊब होती. भादवा सरत आला, घट बसायच्या आधी घरोघरची अंथरुणं-पांघरुणं नदीवर निघाली, तशी हीही निघाली. भिजलेली वाकळ एका बाईला आवरत नाही. एका टोकाला सासू, एका टोकाला सून अशा उभ्या राहून दोघी पिळू लागल्या. पिळातून लाल पाणी गळायला लागलं आणि धोतराचा पांढरा भाग गुलाबी झाला. नंतर च्यर्र असा आवाज आला. उलगडून पाहिलं तर लाल चौक चारी बाजूंनी आखडून बसलेला, त्याच्या भोवतीनं सगळ्या चुण्या, आणि त्याला धरून असलेलं सासूचं जुनं लुगडं टाक्यांच्या कडेनं वीतभर फाटलेलं. लाल कापडाला मात्र ओरखडाही नव्हता.

"हात हाईत का खुरपी?" सासू म्हणाली.

सून काही बोलली नाही. तिनं वाकळ दगडावर पसरली आणि कोपरे सारखे करत बसली.

पुढच्या वैशाखात म्हातारी आली तेव्हा कारभारणीनं फाटकी वाकळ तिच्यापुढं टाकली. म्हातारी एकेक टाका सुईच्या टोकानं उसवायला लागली. उसवायचं काम सावकाशीचं, त्यात बोलायला वेळ असतो. कारभारणी बोलली. पीक-पाणी झालं, मुंबईची पत्रं झाली, मग सुनेवर आली. आवाज खाली आणला, पण उंबऱ्याआड तांदूळ निवडत बसलेल्या सुनेला ऐकू जाईल इतकाच.

"कामाला वाईट न्हाई. पर वरीस झालं, घरात असून नसल्यागत. इचारलं तर व्हय, न्हाई तर न्हाई. सारखी आपली अंग चोरून ऱ्हाती."

म्हातारीनं लाल चौक सोडवून बाजूला काढला, मांडीवर ठेवला आणि तळहातानं सारखा केला.

"ह्यानंबी अंग चोरलं हुतं," ती म्हणाली. "नवं कापाड, चोरणारच. मी म्हनलं हुतं, आधी पाणी दाव, थोडं दम खा. तू पहिल्या दिशी त्याला मधी घालून चारी अंगानं टाकं मारलंस. मग ते आखडलं आन् फाटलं कुनाचं? तुझं."

कारभारणी चौकाकडं बघत राहिली. खळ कधीच गेली होती. रंग उतरून जुन्या विटेसारखा झाला होता. तिनं दोन बोटांत चोळून पाहिलं, तर लुगड्याइतकंच मऊ लागलं.

"हे टाकायचं का?"

"का म्हून? आता हे कुटं आखडत न्हाई. उशाला घालते." म्हातारीनं फाटलेलं लुगडं उचलून उजेडात धरलं. "अडचण हितं हाय. ह्या भोकाला ह्याच्यावाणीच विरलेलं ठिगळ पायजे. जाड लावलं तर पुन्यांदा फाटंल. हाय का काय?"

कारभारणीनं बोचकं उपसलं, उतरंडीमागं पाहिलं, देवघराची फडकीसुद्धा पाहिली. होतं नव्हतं ते गेल्या साली वाकळीतच गेलेलं. ती पुन्हा ओसरीवर आली, घुटमळली आणि आत तोंड करून म्हणाली, "तुझ्याकडं हाय का गं एकादं?"

तांदळाचं सूप खाली ठेवल्याचा आवाज झाला. ट्रंकेची कडी वाजली. सून बाहेर आली ती हातात एक घडी घेऊन. घडी उलगडली तर लुगड्याचा अर्धा हात तुकडा निघाला, वांगी रंगाचा. मधून-मधून इतका विरला होता की पलीकडची बोटं दिसत होती. वर्षभर उशाखाली असावा, घडीच्या रेघा पक्क्या बसल्या होत्या.

म्हातारीनं डोळे मिटून तो चोळला आणि मान हलवली.

"कुणाचं?" सासूनं विचारलं.

"आयचं, आत्याबाई."

सासूनं तुकडा हातात घेतला, फाटलेल्या भोकावर ठेवून पाहिला आणि परत सुनेला दिला. ठिगळ थोडं मोठं होत होतं. म्हातारीनं कात्री पुढं केली.

"कापू नगंस," सासू म्हणाली. "हाय तेवढं लाव. मग राहिना का मोठं."

तिनं कोपऱ्यावरचा दगड उचलून बाजूला घेतला, त्या जागी सुनेला बसायची खूण केली आणि सुई तिच्याकडं सरकवली. म्हातारीच्या डोळ्यांना आताशा नेढं दिसत नसे.