कौशिकाचं खरं, युधिष्ठिराचं अर्धं

महाभारताच्या कर्णपर्वात, युद्धाच्या सतराव्या दिवशी, व्यासांनी दोन भावांचं एक विलक्षण भांडण रंगवलं आहे. कर्णाच्या बाणांनी घायाळ होऊन युधिष्ठिर छावणीत परतलेला असतो. अर्जुन त्याची विचारपूस करायला येतो, तेव्हा युधिष्ठिराला वाटतं की हा कर्णाला मारूनच आला. तसं घडलेलं नाही हे कळताच त्याचा तोल सुटतो. तुला जमत नसेल तर ते गांडीव दुसऱ्या कुणाला देऊन टाक, असं तो बोलून जातो. अर्जुन तलवार उपसतो. गांडीव दुसऱ्याला दे म्हणणाऱ्याचं डोकं उडवीन, अशी त्याने मनाशी प्रतिज्ञा केलेली असते. ती मोडली तर तो खोटा ठरतो आणि पाळली तर थोरल्या भावाचा मारेकरी.

कृष्ण त्याला थांबवतो आणि एक तोडगा सुचवतो. वडीलधाऱ्या माणसाला अरे-तुरे करणं हा त्याचा वधच आहे. तेवढं कर, प्रतिज्ञा पुरी होईल. अर्जुन भावाला नको नको ते बोलतो. मग पश्चात्तापाने पुन्हा तलवार काढतो, या वेळी स्वतःसाठी. त्यावरही कृष्णाकडे उपाय आहे. स्वतःच्या तोंडाने स्वतःचे गोडवे गाणं ही आत्महत्याच आहे, तेवढं कर. आणि अर्जुन आपल्या पराक्रमाचं वर्णन सुरू करतो.

शास्त्रार्थ म्हणून ही पळवाट वाटेल. मला मात्र तिच्यात माणसाची विलक्षण जाण दिसते. ज्या घरात थोरल्या भावाला अहो-जाहो करतात, तिथे धाकट्याच्या तोंडून भर बैठकीत पहिल्यांदा एकेरी हाक गेली, तर त्या दिवशी काहीतरी खरंच मरतं. पुढे बोलणं सुरू होतं, सणवारही एकत्र होतात, पण मेलेलं ते परत येत नाही. आत्मस्तुतीचंही तसंच. जो माणूस आपल्याच गुणांची यादी वाचू लागतो, त्याच्याबद्दल ऐकणाऱ्याच्या मनात असलेला आदर तिथल्या तिथे संपतो.

याच प्रसंगात कृष्ण कौशिकाची गोष्ट सांगतो. कौशिक हा गावाजवळ, नद्यांच्या संगमावर राहणारा तपस्वी. नेहमी खरंच बोलायचं हे त्याचं व्रत, आणि सत्यवादी म्हणून त्याचा लौकिक. एकदा लुटारूंच्या भीतीने काही माणसं पळत येऊन रानात लपली. पाठोपाठ लुटारू आले आणि सत्याची आण घालून विचारू लागले, माणसं कुठे गेली? कौशिकाने त्या गर्द झाडी-वेलींच्या रानाकडे बोट दाखवलं. माणसं मारली गेली. कौशिक नरकात गेला.

ही कथा सांगितली की श्रोते एकदम दोन बाजूंना होतात. काहींना वाटतं, बिचाऱ्याने खरं तेच तर सांगितलं. इतरांना वाटतं, चार जीव वाचत असतील तर खोटं बोलायला काय हरकत होती? दोन्ही बाजू कौशिकाच्या शब्दांकडे बघतात. मला वाटतं, त्याचं पाप त्या वाक्याच्या आधीच घडलं होतं. लुटारू समोर उभे असताना त्याच्या मनात प्रश्न आला तो एकच: माझ्या व्रताचं काय? झाडीत श्वास रोखून बसलेल्यांचं काय, हा प्रश्न त्याला शिवलाच नाही. त्याचं प्रेम आपल्या सत्यवादीपणावर होतं, आणि त्या प्रेमाची किंमत दुसऱ्यांनी मोजली.

अशी माणसं आपल्या ओळखीची असतात. ‘मी तोंडावर बोलतो, मला आडपडदा जमत नाही,’ असं सांगणारा माणूस साहेबासमोर किती स्पष्ट बोलतो, हे एकदा पाहावं. त्याचं सडेतोड सत्य बहुतेक वेळा सुनेच्या, नोकराच्या, परीक्षेत नापास झालेल्या मुलाच्या वाट्याला येतं. जिथे बोलण्याची किंमत बोलणाऱ्याला मोजावी लागते, तिथे तोच माणूस संयमाचं महत्त्व सांगू लागतो.

युरोपात हाच प्रश्न जवळपास याच रूपात 1797 मध्ये उभा राहिला. खुनी दारात आहे, त्याला हवा असलेला तुमचा मित्र घरात लपला आहे. खुन्याने विचारलं तर काय सांगाल? फ्रान्समधल्या बेंजामिन कॉन्स्टँ याचं म्हणणं होतं की ज्याला सत्यावर हक्क आहे, त्याच्याशीच सत्याचं कर्तव्य असतं. खुन्याला तो हक्क नाही. त्र्याहत्तर वर्षांच्या तत्त्वज्ञ कांटने कोनिग्सबर्गहून उत्तर दिलं: तरीही खोटं बोलता येणार नाही. तुम्ही ‘तो घरात नाही’ म्हणालात, तेवढ्यात मित्र मागच्या दाराने निसटला आणि परत फिरलेल्या खुन्याच्या हाती सापडला, तर त्या मृत्यूची जबाबदारी तुमची. कांटच्या धाकाला एक आधार आहे, तो झटकून टाकता येत नाही. खोटं एकदा सुटलं की कुठे जाऊन लागेल ते आपल्या हातात राहत नाही. पण कौशिकाला त्याने निर्दोष सोडलं असतं, आणि व्यासांनी नरकात धाडलं. या खटल्यात मी व्यासांच्या बाजूचा आहे.

तरी कौशिकाच्या कथेचा एक धोका आहे. ती ज्याला-त्याला सोयीची वाटते. महाभारतात पाच ठिकाणी असत्याला सूट सांगितली आहे: थट्टेत, स्त्रीशी प्रणयात, विवाहाच्या प्रसंगी, प्राणावर बेतल्यावर आणि सर्वस्व लुटलं जात असताना. आदिपर्वात ही यादी कोण सांगतं? शर्मिष्ठा, ययातीला. देवयानीशी बांधलेल्या ययातीने आपला स्वीकार करावा म्हणून. सूट नेहमी गरजवंताच्याच तोंडी पाठ असते. लग्न जमवताना मुलाचा पगार आणि मुलीचं वय सांगणाऱ्यांना ती न वाचताही पाठ असते.

युधिष्ठिराची गोष्ट आणखी बारीक आहे. युद्धाच्या पंधराव्या दिवशी भीमाने द्रोणांच्या मुलाचंच, अश्वत्थामा हे, नाव असलेला हत्ती मारला आणि द्रोणांना ऐकू जाईल असं ओरडला की अश्वत्थामा मेला. द्रोणांचा भीमावर विश्वास बसला नाही. त्यांनी युधिष्ठिराला विचारलं, कारण त्रैलोक्याच्या राज्यासाठीही हा खोटं बोलणार नाही याची त्यांना खात्री होती. युधिष्ठिर ‘अश्वत्थामा मेला’ हे स्पष्ट बोलला आणि ‘हत्ती’ हे अस्पष्ट पुटपुटला. तोवर जमिनीपासून चार अंगुळं वर चालणारा त्याचा रथ खाली टेकला. एवढी वर्षं खरं बोलून साठवलेली पत त्याने एका वाक्यात वटवली. भीमाला हे खोटं परवडलंच नसतं, कारण त्याच्या खात्यात तेवढं नव्हतं. पुढे स्वर्गारोहणपर्वात युधिष्ठिराला नरक पाहावा लागतो, आणि इंद्र कारण सांगतो: द्रोणांना तू मुलाच्या बाबतीत कपटाने फसवलंस, म्हणून तुलाही कपटानेच नरक दाखवला. अर्ध्या सत्याला भासमय नरक. इतकं नेमकं माप मी दुसऱ्या कुठल्या न्यायालयात पाहिलेलं नाही.

या सगळ्याचा उलगडा मला मनुस्मृतीतल्या एका तरतुदीत दिसतो. साक्षीत खरं बोलल्याने माणसाचा जीव जाणार असेल, तर असत्य बोलावं असं मनू सांगतो आणि पाठोपाठ सांगतो की अशा साक्षीदाराने सरस्वतीला चरूचा हविर्भाग अर्पण करून शुद्ध व्हावं. याज्ञवल्क्यही तेच सांगतो. मनूच्या कितीतरी गोष्टी टाकून द्याव्यात अशाच आहेत, ही जपावी. असत्य योग्य होतं, तरी ज्या वाणीचा गैरवापर केला तिची क्षमा मागायची आहे. टिळकांनी मंडालेच्या तुरुंगात लिहिलेल्या आणि 1915 मध्ये प्रकाशित झालेल्या ‘गीतारहस्या’त, ‘कर्मजिज्ञासा’ या प्रकरणात, सत्याच्या या अपवादांचा सिजविकसारख्या इंग्रज नीतिशास्त्रज्ञांच्या मतांशी ताळा घातला आहे. आपण व्यवहारात सूट घेतली आणि प्रायश्चित्त विसरलो. भल्यासाठी खोटं बोललो म्हणताना आपल्याला ओझं वाटत नाही, उलट समाधान वाटतं. तिथे गडबड आहे.

आपल्या घरांमध्ये हे सर्वांत ठळक दिसतं ते आजारपणात. आईला कॅन्सर आहे हे डॉक्टर मुलाला बाहेर बोलावून सांगतात, आणि मुलाचं पहिलं वाक्य ठरलेलं असतं: ‘तिला सांगू नका, ती खचेल.’ मग साध्या गाठीची कथा रचली जाते. आईला परळला नेतात. 1941 पासून तिथे उभ्या असलेल्या टाटा हॉस्पिटलचं नाव महाराष्ट्रातल्या खेड्यापाड्यांत इतकं पोचलं आहे की ‘टाटाला नेलं’ एवढं म्हटलं तरी ऐकणारा आजाराचं नाव विचारत नाही. रुग्णाला कळतं. मुलांनी लपवलंय हेही कळतं. मग मुलांना वाईट वाटू नये म्हणून तीही न कळल्यासारखं वागते. एका खोलीत चार माणसं, चौघांनाही ठाऊक, आणि आई एकटी.

हे केवळ आपल्याकडचं नाही. 1961 मध्ये शिकागोतल्या डॉक्टरांना विचारलं, तेव्हा सुमारे 90 टक्के डॉक्टरांचा कल रुग्णाला कॅन्सर न सांगण्याकडे होता. 1979 च्या तशाच अमेरिकी पाहणीत 97 टक्क्यांचा कल सांगण्याकडे होता. अठरा वर्षांत माणसाचा स्वभाव बदलत नाही. उपचार सुधारले, रुग्णाच्या हक्काची भाषा आली, आणि मौन हाच दयेचा एकमेव मार्ग वाटेनासा झाला.

न सांगणाऱ्या मुलाचं प्रेम खोटं आहे असं मी म्हणणार नाही. पण त्या मौनाने आईकडून काय काय घेतलं जातं, याचा हिशोब त्याने करायला हवा. बहिणीशी तुटलेलं बोलणं, शेताच्या वाटण्या, कुणाला द्यायच्या पाटल्या, एकदा माहेरी जाऊन येण्याची इच्छा. वेळ किती आहे हे माहीत असेल तरच या गोष्टी करता येतात. आणि सांगणाऱ्या डॉक्टरनेही, रिपोर्ट वाचून दाखवला की आपलं कर्तव्य संपलं असं समजून पुढच्या रुग्णाकडे वळू नये. तसं करणारा कौशिकच झाला. वेदनाशामक उपचार करणारे डॉक्टर आधी रुग्णालाच विचारतात: तुम्हाला आजाराबद्दल काय माहीत आहे, आणि आणखी किती जाणून घ्यायचं आहे? ‘मला काही सांगू नका, मुलाशी बोला,’ असं म्हणणारी आईही असते. तिचा तो हक्क आहे. पण तो तिने वापरायचा आहे. तिच्या वतीने आपण दाराबाहेर उभं राहून तो वापरला, तर निदान त्या रात्री आपल्याला शांत झोप लागू नये.