मत्स्यविनोदाची नीती

पोटासाठी मासे धरणे आणि करमणुकीसाठी मासे धरणे ही दोन कृत्ये बाहेरून सारखी दिसली, तरी नीतीच्या न्यायासनापुढे त्यांचे खटले निरनिराळे चालावयास हवेत असे आम्हांस वाटते. पहिल्याचा निकाल फारसा कठीण नाही. पूर्णा-वर्धेच्या पात्रांत भोई व ढीवर जाळे टाकतात ते घर चालविण्यासाठी. ज्याच्या ताटात दोन्ही वेळा अन्न पडते त्याने त्यांस अहिंसेचा उपदेश करावा हे शोभणारे नाही. प्रश्न उरतो तो हाती वेळ असलेल्या, पोट भरलेल्या आणि तरीही गळ टाकून बसलेल्या गृहस्थाचा.

हा गृहस्थ काही विलायतेतून आलेला नव्हे. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याने बाराव्या शतकात रचिलेल्या ‘मानसोल्लासा’त राजाच्या अनेक विनोदांबरोबर मत्स्यविनोदाचेही प्रकरण आहे; कोणता मासा कोणत्या आमिषास भुलतो याची चर्चा तेथे मोठ्या गंभीरपणे केली आहे. आमच्या राजापेठेतूनही सुट्टीच्या दिवशी गळ घेऊन वडाळीच्या किंवा छत्री तळ्याकडे जाणारे लोक निघतातच. दोरीला गांडूळ लावलेला गळ, वर भेंडाचा किंवा मोरपिसाच्या देठाचा तुकडा, आणि तो बुडतो केव्हा याकडे लागलेले डोळे, एवढाच त्यांचा सरंजाम.

तथापि या विनोदाच्या नीतीचा जितका ऊहापोह ट्राउट नावाच्या माशाभोवती झाला आहे, तितका दुसऱ्या कोणत्याही माशाभोवती झाला नसेल. म्हणून वऱ्हाडात बसून त्याची गोष्ट काढावी लागते. हा मासा आमच्याकडे जगणे शक्य नाही. त्याला थंड व वाहते पाणी हवे. पाणी वीस अंशांच्या वर तापू लागले की तो कासावीस होतो, आणि आमचा उन्हाळा तर सर्वांस ठाऊकच आहे. इंग्रजांनी हौसेने तो निलगिरीत आणि काश्मिरात नेऊन वसविला. त्याला धरण्यासाठी पिसे व धागा गुंडाळून कृत्रिम माशी करितात. या माशीला वजन जवळजवळ नसते. वजन असते ते दोरीला, आणि ती दोरी हवेत मागे-पुढे खेळवून दूरवरच्या पाण्यावर माशी अलगद उतरविणे ही त्यातली विद्या.

इंग्लंडात फ्रेडरिक हाल्फर्ड याने १८८६ साली असा पंथ काढिला की, पाण्यावर तरंगणारी माशीच वापरावी, आणि तीही वर येऊन कीटक टिपणारा मासा डोळ्यांनी पाहून त्याच्यापुढे टाकावी. पुढे स्क्यूज नावाच्या वकिलाने १९१० साली पाण्याखालील अळीची नक्कल करणाऱ्या माशीचा कैवार घेतला. हे भांडण इतके मुरले की, १९३८ साली लंडनच्या फ्लायफिशर्स क्लबात त्यावर रीतसर वादविवाद झाला आणि ऐंशीच्या घरातल्या स्क्यूजला आपल्या पद्धतीचे समर्थन करावे लागले. त्या वर्षी युरोपावर कोणते ढग जमले होते हे आठवले म्हणजे या चर्चेचे हसू येते. पण खेळाचा प्राणच मुळी आपण होऊन पत्करलेल्या अडचणीत असतो, ही त्यामागची जाणीव हसण्यावारी नेण्यासारखी नाही. ज्याला माशाची गरज नाही त्याने निदान सोय तरी मागू नये.

आता सोयीचे दोन प्रकार पाहू. पहिला, एकाच दोरीला दोन-तीन माश्या बांधण्याचा. यात संधी वाढते, तसे कष्टही वाढतात. एका माशीची दोरी झपाट्याने फेकिता येते. तीन माश्यांची तशी फेकिली तर त्या एकमेकींत अडकून असा गुंता होतो की, तो सोडविण्यात संध्याकाळ जावी. म्हणून हात संथ ठेवावा लागतो, दोरीचे वळण रुंद ठेवावे लागते, आणि दोरी मागे पूर्ण सरळ होईपर्यंत थांबावे लागते. उतावळ्यास ही शिक्षा बरी आहे. दुसरा प्रकार तरंगत्या खुणेचा. रंगीत लोकरीचा झुबका किंवा हलका गोळा पाण्याच्या खोलीच्या सुमारे दीडपट अंतरावर दोरीला बांधितात. खाली माशाने माशी तोंडात घेतली की खूण अडखळते किंवा बुडते. वडाळीच्या भेंडाचेच हे भावंड होय. जुन्या मताचे लोक तिला कमीपणाची समजतात, कारण ती हाताचे व डोळ्याचे शिक्षण वाचविते. आंतरराष्ट्रीय स्पर्धांच्या नियमांतही तीन माश्यांपर्यंत मुभा आहे, तरंगत्या खुणेस मात्र बंदी आहे.

येथेच आमचा मतभेद आहे. हाच नियम माशाच्या बाजूने वाचून पाहा. एक मासा लागून धावू लागला की उरलेले मोकळे गळ त्याच्याच अंगात रुततात, किंवा शेवाळात वा मुळांत गुंततात. मग दोरी तुटते आणि तोंडातल्या गळासह, मागे दोरीचे लोढणे घेऊन तो मासा निघून जातो. उलट खुणेकडे लक्ष ठेवणारा मनुष्य वेळीच हिसका देतो, म्हणून गळ ओठातच बसतो. विशेषतः गांडुळाचे खरे आमिष असेल तेव्हा, उशीर केल्यास मासा ते गिळतो आणि गळ पोटात जातो. तसा मासा सोडून दिला तरी बहुधा वाचत नाही. म्हणजे जी सोय माशास जाचक तिला परवानगी आणि जी त्यातल्या त्यात सुसह्य तिला मनाई! त्याच स्पर्धांत गळाला उलटा काटा नसावा असा दंडक आहे, तो मात्र खराच दयेचा आहे. बाकीचे नियम खेळणाऱ्याचा अभिमान सांभाळितात, आणि त्यांसच नीती म्हणण्याची चाल पडली आहे.

माशास वेदना कळतच नाहीत असे म्हणून पूर्वी हा प्रश्न मिटविता येई. २००३ साली लिन स्नेडन व त्यांच्या सहकाऱ्यांनी ट्राउटच्या डोक्यावर व ओठांभोवती इजा ओळखणारे मज्जातंतू दाखवून दिले. ओठात दाहक द्रव्य टोचलेले मासे खाणे लांबणीवर टाकीत आणि तळच्या खड्यांवर ओठ घाशीत. या जाणिवेस मनुष्याच्या अर्थाने दुःख म्हणावे की काय, यावर शास्त्रज्ञांत वाद आहे. पण संशयाचा फायदा कोणास द्यावा? गळ टाकणाऱ्यास तर खासच नव्हे.

आमच्याच जिल्ह्यातील ऋद्धपुरी म्हाइंभटांनी संकलित केलेल्या ‘लीळाचरित्रा’त चक्रधरस्वामींनी शिकाऱ्यांपासून सशाचे रक्षण केल्याची कथा आहे. तो ससा पैजेचा होता, भुकेचा नव्हता. तो न मिळाल्यास आपसांत सुऱ्या निघतील असे शिकारी सांगतात. स्पर्धेतला मासा त्या सशाहून फार निराळा नाही.

‘आम्ही मासा सोडून देतो’ हे आधुनिक उत्तर स्वित्झर्लंडच्या कायद्यास पटले नाही. सोडण्याच्याच हेतूने मासा पकडणे तेथे निषिद्ध आहे. आमचाही कल तिकडेच आहे. एक बिनकाट्याचा गळ टाकावा, खुणेवरची नजर हलवू नये, आणि लागलेला मासा घरी नेऊन खावा. हे करणारा पोटासाठी मासे धरणाऱ्याच्या पुष्कळ जवळ येतो. खाण्याची इच्छा नसेल तर काठावर नुसते बसण्यास कोणाची हरकत नाही.

एका आक्षेपास मात्र वजन आहे. कर्नाटकात कावेरीकाठी महसीर धरून सोडण्याची शिबिरे चालत. त्यांच्या उत्पन्नावर नेमलेले पहारेकरी सुरुंगाने मासे मारणाऱ्यांस अटकाव करीत. अभयारण्यातील गळ ही १९७२ च्या कायद्याप्रमाणे शिकारच ठरून २०१० नंतरच्या दोन-तीन वर्षांत ती शिबिरे बंद पडली, आणि नदी उघडी पडली अशी गळवाल्यांची तक्रार आहे. ती खोटी आहे असे आम्ही म्हणत नाही. पण त्या नदीवर उपकार झाला तो पहाऱ्याचा, आणि पहारेकऱ्याचा पगार सरकारी तिजोरीतूनही देता येतो.