हाड आणि हातोटी

पावसाळ्याच्या आरंभीं महाविद्यालयें उघडलीं म्हणजे कबड्डीचा संघ निवडण्याचें काम निघतें, आणि खेळाशीं प्रेक्षकापलीकडे संबंध नसतांही निवडसमितींत आम्हांस बसावें लागतें. मागें एकदां अखेरची एकच जागा उरली असतां दोन मुलगे आमच्यापुढें उभे राहिले. दोघेही भांडुपच्या टेकडीवरचे. एक ठेंगणा, अंगानें किरकोळ. पण सहा वर्षें मंडळाच्या मातींत घासलेला. समोरच्याचें वजन कोणत्या पायावर आहे हें हेरून तो बोनस रेषेपलीकडे पाऊल टेकवी व हात लागण्यापूर्वीं परते. दुसरा उंच, रुंद खांद्यांचा. चढणीवर पाणी वाहून त्याच्या मांड्या घडल्या होत्या. मात्र पकड कशाशीं खातात हें त्यास ठाऊक नव्हतें.

खेळ शिकवितां येतो, उंची शिकवितां येत नाहीं, असें सहकाऱ्यांचें म्हणणें पडलें. तें निराधार नव्हे. 1990 सालीं बीजिंगच्या आशियाई स्पर्धांत कबड्डी आली, तेव्हांपासून पुरुषांचें सुवर्णपदक भारतानें कधीं सोडलें नव्हतें. 2018 सालीं जाकार्ता येथें उपांत्य सामन्यांत इराणनें आपल्या संघास 27–18 असें हरविलें. महिलांचा अंतिम सामनाही इराणनेंच 27–24 असा जिंकला. कुस्तीच्या मुलखांतील दणकट अंगांपुढें आपली गल्लीबोळांतली हातोटी अपुरी पडली, असें पुष्कळांस वाटलें. परंतु त्या इराणी मुलींच्या प्रशिक्षिका शैलजा जैन या नाशिकच्या, हें विसरतां कामा नये. त्या मुलींजवळ नुसतें अंग नव्हतें, शिकविणारेंही माणूस होतें.

उत्तम पावा कुलीनास किंवा रूपवानास न देतां उत्तम वाजविणारास द्यावा, असें ॲरिस्टॉटलनें राज्यशास्त्रावरील आपल्या ग्रंथांत म्हटलें आहे. वर्गांत हें आम्ही मोठ्या ऐटींत सांगतों. पण ज्याच्या हातीं पावा कधीं आलाच नाहीं, त्यानें वाजवून दाखवावें तरी कसें? उंची दैवाची आणि कौशल्य कष्टाचें, हा भेदही वाटतो तितका स्वच्छ नाहीं. ठेंगण्याच्या दारापाशीं मंडळाचें मैदान होतें. उंच मुलाच्या वाट्याला सकाळ-संध्याकाळ पाण्याची खेप होती. तेव्हां लायकीच्या तराजूनें हा निवाडा होणें कठीण.

आमच्या मतें खरा प्रश्न निवडणारांस विचारावयाचा आहे. तयार खेळाडू घेतला तर त्याच्या सहा वर्षांचें फळ आपण आयतें घेतों. कच्चा घेतला तर त्याचें शिक्षण आपल्यावर ऋण म्हणून चढतें. तें फेडण्याची ऐपत नसतां केवळ धिप्पाड अंग पाहून मुलगा उचलणें, हा दुसऱ्याच्या शरीरावर लावलेला जुगार आहे.

त्या दिवशीं हें आम्हांस सुचलें नाहीं. आम्हींही उंच मुलासाठींच हात वर केला. त्यास शिकविण्यास नेमलेले गृहस्थ आठवड्यांतून एकदां येत, तेही पाऊस नसला तर. तिसऱ्या सामन्यांत दोघांच्या पकडींतून निसटतांना त्याचा गुडघा पिरगळला. पडावें कसें, हें त्यास कोणीं शिकविलेंच नव्हतें. तो पुन्हा खेळला नाहीं. पुढल्या वर्षीं महाविद्यालयांतही दिसला नाहीं.

ठेंगणा मुलगा मात्र आमच्या तर्कशास्त्राच्या तासाला नेमानें येई. आपणांस कां वगळलें, असें त्यानें एकदां जिन्यांत अदबीनें विचारलें होतें. "उंची," एवढेंच आम्ही म्हणालों, आणि घंटा झाल्याचें निमित्त करून वर्गाकडे वळलों.